आधी अंगण, मग कान्हा

सुट्टीत घरी जाऊन आले की हॉस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग, वाघ दिसला का?" माझं घर बालाघाट जिल्ह्यात आहे आणि कान्हाचं मुक्की गेट आमच्या जिल्ह्यात येतं, एवढी माहिती मैत्रिणींना पुरते. त्यांना वाटतं, आम्ही सकाळी दात घासत असताना वाघ कुंपणापलीकडून जात असेल. खरं सांगायचं तर मी आजवर दोनदा कान्हात गेले आणि दोन्ही वेळा वाघ दिसला नाही. जिप्सीत बसून मान दुखेपर्यंत इकडे तिकडे पाहिलं, पगमार्क पाहिले, आणि धूळ खाऊन परत आले. पहिल्या वेळी धाकटा भाऊ रडला होता. दुसऱ्या वेळी बाबांनी तिकिटाचे पैसे मोजत म्हटलं, "एवढ्यात युरियाच्या किती गोण्या आल्या असत्या!"

वाघाविरुद्ध माझं काही नाही. पण रानातलं काही पाहायचं म्हणजे गाडी करायची, तिकीट काढायचं, दुर्बीण हवी, कॅमेरा हवा, ही जी समजूत आपल्या डोक्यात बसली आहे, तिच्याबद्दल मला तक्रार करायची आहे. या समजुतीनं आपण आपलं अंगण पाहायचं विसरलो. आणि अंगण पाहायचं विसरलेलं घर पुढं जंगलही नीट पाहू शकत नाही, असं माझं मत आहे.

आमचं गाव बाघ नदीपासून फार दूर नाही. नदीपलीकडे गोंदिया, म्हणजे महाराष्ट्र. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा पलीकडचा भाग मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे घरात आजीची झाडीबोली, आईची मराठी, शेजारी पोवारी, शाळेत हिंदी, आणि आता कॉलेजात इंग्रजी, असा आमचा कारभार. एकाच पक्ष्याला घरात एक नाव, शाळेत दुसरं. घरी कोतवाल, शाळेत भुजंगा. घरी खंड्या, शाळेत किलकिला. घरी भारद्वाज, शाळेत महोख. लहानपणी मला ते वेगवेगळे पक्षीच वाटायचे!

किडे-पाखरांकडं आमच्या घराचं लक्ष नव्यानं गेलं त्याचं कारण मात्र बालाघाटात नाही, ऑस्ट्रेलियात आहे. माझी मावशी काही वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे केर्न्सला राहायला गेली. केर्न्स म्हणजे क्वीन्सलँडच्या उत्तरेचं शहर, उष्ण कटिबंधातलं, समुद्राकाठचं. आमचे दुपारचे दीड वाजले की तिकडे संध्याकाळचे सहा. दर रविवारी त्या वेळी व्हिडिओ कॉल. सुरुवातीला गप्पा नेहमीच्याच होत्या. काय जेवलात, भेंडी कितीला मिळते, थंडी पडते का. मग एका रविवारी माझ्या दहा वर्षांच्या मावसबहिणीनं फोन झाडाजवळ नेला आणि म्हणाली, "आजी, हे बघ, हिरव्या मुंग्या!"

झाडाची पानं एकमेकांना शिवून गोळा केलेला, आणि त्यावर हिरवट पोटाच्या मुंग्यांची धावपळ. आजीनं चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे त आपलेच माटे होत ना! हिरवे काहून झाले? तिकडच्या पान्यानं होत असन."

आम्ही सगळे हसलो. पण मी नंतर शोधलं, तर आजीचं अर्धं बरोबर निघालं. आमच्या आंब्यावरच्या लाल मुंग्या आणि उत्तर ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या मुंग्या या एकाच जातीच्या आहेत. शास्त्रीय नाव ओइकोफिला स्मॅराग्डिना. भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत हीच जात पसरलेली आहे. आपल्याकडे ती लाल-तांबूस दिसते, तिकडे हिरवी. घर बांधायची रीतही तीच. कामकरी मुंग्या रांगेनं पानाच्या कडा ओढून धरतात, दुसऱ्या मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून आणतात, आणि अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमानं पानं शिवतात. म्हणजे बाळाचाच सुईदोरा! तिकडचे मूळनिवासी या मुंग्या खातात, आणि आमच्या बाजूच्या आदिवासी गावांतही त्यांची चटणी होते. ओडिशातल्या सिमिलिपालच्या मुंग्यांच्या चटणीला तर २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. ज्या मुंग्या चावल्या म्हणून मी लहानपणी आंब्याच्या झाडाला शिव्या दिल्या, त्यांचे नातेवाईक समुद्रापलीकडे माझ्या मावशीच्या अंगणात राहतात, हे कळल्यावर मला त्या झाडाखालून जाताना जरा वेगळंच वाटायला लागलं. चावतात अजूनही, तो भाग वेगळा.

त्या दिवसापासून रविवारचा कॉल बदलला. "तुमच्याकडे काय, आमच्याकडे काय" असा खेळच सुरू झाला. मावसबहीण तिकडून एक दाखवणार, आम्ही इकडून त्याचं नातं लावणार. तिनं घराच्या व्हरांड्यात लोंबणारं सूर्यपक्ष्याचं घरटं दाखवलं. माझ्या भावानं आमच्या पडवीत कपडे वाळत घालायच्या तारेला शिंजीरनं बांधलेलं घरटं दाखवलं: वाळकं गवत, कोळ्याचं जाळं, सालीचे तुकडे, सगळा कचरा वाटावा असं. आईनं दोन वेळा झाडूनं ते काढायला हात उचलला होता! तिनं हर्क्युलिस पतंग दाखवला, केवढा मोठा. आम्ही ऐनाच्या झाडावरून आणलेला कोसा दाखवला, आणि त्यातून निघालेला टसरचा पतंग, पंखांवर काचेच्या खिडकीसारखे गोल ठिपके असलेला. दोघांचं घराणं एकच. दोघंही मोठे झाल्यावर काही खात नाहीत, खायला नीट तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या शिदोरीवर थोडे दिवस जगायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. हे ऐकून आजी म्हणाली, "म्हणजे एकादशीच की जन्माची."

जूनमध्ये मिरगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या अंगणात मखमली लाल किडे निघतात. मिरगाचा किडा. भावानं हातावर घेऊन पाय मोजले, तर आठ! सहा पायांचा तो कीटक, आठ पायांचा तो कोळ्यांच्या गोतावळ्यातला, हे शाळेत पाठ केलेलं वाक्य त्या दिवशी त्याला समजलं. मिरगाचा किडा हा किडाच नाही, तो कोळ्यांकडचा पाहुणा. शाळेच्या पुस्तकानं तीन वर्षांत जे केलं नाही ते हाताच्या तळव्यावरच्या एका लाल ठिपक्यानं पाच मिनिटांत केलं.

इथं कोणी म्हणेल, "ठीक आहे, छंद छान आहे. पण यात मत मांडण्यासारखं काय?" सांगते.

एका रविवारी भावानं मोठ्या उत्साहानं साळुंक्या दाखवल्या. आमच्या गोठ्याच्या वळचणीला जोडी होती. तिकडून मावसबहीण म्हणाली, "त्या वाईट आहेत. आम्हाला शाळेत सांगितलंय." भाऊ रागावला. साळुंकी वाईट? आजीला तर ते शब्दच समजेनात. पण गोष्ट खरी आहे. १८६० च्या दशकात पिकावरचे किडे खातील म्हणून साळुंक्या मुद्दाम मेलबर्नला नेऊन सोडल्या. पुढे उसाच्या शेतांसाठी त्या क्वीन्सलँडलाही नेल्या. किड्यांचं फारसं काही बिघडलं नाही. साळुंक्यांनी मात्र तिथल्या पक्ष्यांच्या ढोली बळकावल्या. इतकं होऊनही अक्कल आली नाही. १९३५ साली केर्न्सच्या जवळच, गॉर्डनव्हेल नावाच्या गावी, उसाचे भुंगे खायला म्हणून हवाई बेटांवरून सुमारे शंभर विषारी बेडूक आणले. भुंगे उसाच्या शेंड्याकडं, बेडूक जमिनीवर. भुंगे तसेच राहिले, आणि बेडूक आज लाखोंच्या लाखोंनी उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरलेत. त्यांना खाणारे साप, घोरपडी, तिथले छोटे शिकारी प्राणी विषानं मरतात.

आपण उलट्या बाजूनं चुकलो होतो. आपल्याकडून बेडकांच्या तंगड्या परदेशी हॉटेलांत जात होत्या. भातशेतीतले बेडूक कमी झाल्यावर किडे वाढल्याची ओरड झाली, आणि १९८७ साली सरकारनं ही निर्यात बंद केली. त्यांनी नको तिथं बेडूक आणले, आपण हवे तिथले बेडूक विकले. दोन्हीकडे चूक एकच. किडा, बेडूक, पाखरू यांचा एकमेकांशी असलेला हिशेब न पाहता मधलाच एक आकडा खोडला.

आणि हाच हिशेब आमच्या स्वतःच्या बांधीत आमच्यासमोर उभा राहिला, तेव्हा हा खेळ खेळ राहिला नाही.

आमच्याकडे धान होतं. बोडीच्या खालच्या अंगाला आमच्या चार बांध्या आहेत. मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत मी घरी होते. त्याच वेळी गावात माहोची, म्हणजे तपकिरी तुडतुड्यांची, हाकाटी झाली. तुडतुडे धानाच्या बुंध्याशी बसून रस पितात, आणि मग शेतात गोल गोल जळाल्यासारखे ठिपके पडतात. ज्यानं ते एकदा पाहिले, त्याला रात्री झोप लागत नाही. औषधाच्या दुकानावर गर्दी झाली. बाबाही दोन बाटल्या घेऊन आले.

त्याच आठवड्यात खालच्या बांधीत सारसांची जोडी यायला लागली होती, सोबत एक पिल्लू. आमच्याकडे सारस दिसणं ही आता रोजची गोष्ट नाही. गोंदिया आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत दर जूनमध्ये सारसांची मोजणी होते, आणि दोन्हीकडचे मिळून आकडा शंभराच्या आत राहतो. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच पक्षी हा, पूर्ण वाढलेला सारस माणसाच्या उंचीचा होतो, आणि तो घरटं करतो कुठं, तर पावसाळ्यात पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत. बहुतेक वेळा अंडी दोन, महिनाभर आई-बाप आळीपाळीनं बसतात. पिल्लाला उडायला पुढं तीन महिने लागतात. म्हणजे रोवणीपासून कापणीपर्यंत त्याचं सगळं बालपण आपल्या शेतात जातं. ज्याला आपण रानपाखरू म्हणतो, ते खरं म्हणजे शेतकऱ्याच्या घरचंच.

भाऊ म्हणाला, "बाबा, फवारणी नका करू. पिल्लू तिथलेच किडे, बेडूक खातंय."

बाबा म्हणाले, "आणि आपण काय खायचं?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता. मी शहरातून आठ दिवसांसाठी आलेली, मला बोलायला काय लागतं? बाबांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं. पक्षी पाहायचा आनंद आमचा आणि पिकाची जोखीम त्यांची, अशी वाटणी मला बरोबर वाटेना. मी गप्प बसले.

वाट काढली ती आजीनं. ती म्हणाली, "आधी मोजा तं खरं, माहो किती आहे ते. न पायताच औषध कायले?"

कृषी खात्याची माणसंही तेच सांगतात. एका चुडात सरासरी दहाच्या पुढं तुडतुडे दिसले तरच फवारा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं बांधीत उतरलो. मी, भाऊ, बाबा, आणि धुऱ्यावर आजी. चूड वाकवायचं, बुंध्याशी पाहायचं, मोजायचं, आजीला ओरडून सांगायचं. वीस चुडं झाली. वरच्या दोन बांध्यांत आकडा बारा-तेराच्या घरात गेला. खालच्या बांधीत मात्र सरासरी चार. आणि त्या चुडांत कोळीच कोळी! पाण्यावरून पळणारे, पानांमध्ये जाळी लावलेले. भाऊ त्यांचे रंग लिहून ठेवत होता. बाबांनी तीस वर्षं धान पिकवलं, पण शेतातले कोळी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोजले. हे त्यांनीच संध्याकाळी आईला सांगितलं.

ही काही आमच्या घराची जादू नाही. धानातले तुडतुडे खाणारे कोळी आणि छोटे ढेकूणवर्गीय किडे फवारणीत आधी मरतात आणि मग तुडतुडे दुप्पट जोमानं परत येतात, हे आशियातल्या भातशेतीला कधीच कळून चुकलं आहे. इंडोनेशियानं १९८६ साली याच कारणानं भातावरची ५७ कीटकनाशकं बंद केली आणि शेतकऱ्यांना बांधावर बसवून किडे ओळखायला शिकवलं. तिथं सरकारनं जे शिकवलं, ते आमच्याकडे आजीनं शिकवलं, एवढाच फरक.

शेवटी बाबांनी वरच्या दोन बांध्यांत फवारलं. खालच्या बांधीतलं पाणी काढून दिलं, म्हणजे बुंध्याशी ओल कमी होते आणि तुडतुड्यांना ते मानवत नाही. फवारलं नाही. सारस बोडीच्या काठाला सरकले, पण पिल्लासकट तिथंच राहिले. दिवाळीपर्यंत रोज सकाळी त्यांचा जोडीनं दिलेला तुतारीसारखा आवाज घरात यायचा.

कापणी झाली तेव्हा खालच्या बांधीत मागच्या सालापेक्षा पोतंभर धान कमी भरलं. माहोनं गेलं, की सारसांनी तुडवलं, की पाऊस लांबला म्हणून, कोण सांगणार? औषधाचा खर्च वाचला तो वजा केला तरी थोडा तोटाच. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पक्षी वाचवले आणि पीकही भरघोस आलं, अशी गोड गोष्ट सांगितली असती तर वाचायला बरी वाटली असती, पण ती खोटी झाली असती.

म्हणूनच माझं मत असं आहे. निसर्गाचा आनंद फुकट नसतो. कोणीतरी त्याचं बिल भरतं, आणि बहुतेक वेळा ते भरणारा माणूस फोटोत नसतो. सारसाच्या घरट्यासाठी बांधीचा कोपरा सोडणारा शेतकरी पक्षिप्रेमी म्हणून कुठं मिरवत नाही. सारसांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली स्वतःहून दखल घेतली, ही मोठी गोष्ट झाली. पण न्यायालयाची हद्द नदीपाशी संपते, आणि सारस नदी ओलांडून आमच्याकडे चरायला येतो. विजेच्या तारा दोन्ही काठांवर आहेत, विषही दोन्ही काठांवर. त्याच्या पोत्याभर धानाची भरपाई दोन्ही काठांवर सारखीच, अन् वेळेवर मिळायला हवी. ही मागणी फक्त शेतकऱ्यानं का करावी? पक्षी पाहून ज्यांना आनंद होतो, त्या सगळ्यांनी करावी.

आता दुसरी गोष्ट, नावांची. मावसबहिणीला तिच्या परिसरातले पन्नासेक पक्षी नावानिशी माहीत आहेत. तिच्या शाळेत मुलांना बाहेर नेतात, वही देतात. मला त्याचा हेवा वाटला. पण मग आजीला विचारून आम्ही आमची यादी करायला बसलो, तर एका दुपारी सत्तरच्या वर नावं झाली. पक्षी, किडे, बेडूक, गोगलगायी. कुठलं किडूक कोणत्या झाडावर, कोणतं पाखरू ओरडलं की पाऊस, कोणतं घरटं किती उंच असलं की पूर किती येणार, सगळं. मावसबहिणीच्या पन्नास नावांमागं शाळा, पुस्तक, ग्रंथालय आहे. आजीच्या सत्तर नावांमागं फक्त आजी आहे. ती गेली की यादी गेली. मला यातली निम्मी नावं माहीत नव्हती, आणि भावाला तर दहासुद्धा नाहीत.

मारुती चितमपल्लींनी हे काम किती आधी ओळखलं होतं! आमच्या नदीपलीकडच्या नवेगाव बांधला वनाधिकारी असताना त्यांनी तिथल्या माणसांकडून पाखरांची बोलीतली नावं गोळा केली आणि पुढं मराठीला पक्षिकोश दिला. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. महाराष्ट्रात या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटसला त्यांचा फोटो ठेवला. तो ठेवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी आपल्या आजीला एका तरी पाखराचं नाव विचारलं?

आणि नाव विचारून थांबायचं नाही, पाहायचंही. सुगरणीचंच घ्या. बहिणाबाईंच्या कवितेमुळे आपल्या मनात घरटं विणणारी माउली पक्की बसली आहे. कविता सुंदर आहे, तिच्यातली माया खरी आहे. पण शिंदीच्या झाडाखाली अर्धा तास बसलं तर दिसतं की विणणारा पिवळ्या डोक्याचा नर असतो. अर्धं घरटं विणून तो मादीला दाखवतो, तिला पटलं तर पुढचं काम, नाहीतर नवीन घरटं! घरट्याच्या आत तो चिखलाचे गोळे लावतो. त्या ओल्या चिखलात तो काजवे चिकटवून उजेड करतो, असं आजी सांगते. काजवे आम्हाला कधी सापडले नाहीत, चिखल सापडला. कविता, गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेलं, तिन्ही आपापल्या जागी राहू देत. वाङ्मय मंडळातल्या आपल्याला तिन्हींची गरज आहे.

सगळेच किडे लाडाचे नाहीत, हे मला कबूल आहे. आमच्या जिल्ह्यानं मलेरिया पुरेपूर भोगलाय, आणि घरात आम्ही मच्छरदाणीशिवाय झोपत नाही. विंचू निघाला तर मीही ओरडते. पण भीती आणि अज्ञान यांत फरक आहे. कोणता चावतो हे ज्याला माहीत असतं, तो बाकीच्यांना मारत सुटत नाही.

काजव्यांचीही एक गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरासमोर पांढऱ्या लख्ख उजेडाचा दिवा लागला. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. रात्री अंगणात साप दिसतो आता. पण काजवे गोठ्यामागं गेले. काजव्याचा उजेड म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक. एवढ्या उजेडात ती कोणाला दिसणार? दिवा आमच्या हातात नाही. पण पडवीतला बल्ब आमच्या हातात आहे. जूनमध्ये रोज रात्री आठ ते साडेआठ तो बंद ठेवायचा, असं आम्ही ठरवलं. गोठ्यामागं खाट टाकून सगळे बसतो. आई, जी एरवी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, तीही बसते. त्या अर्ध्या तासात फोन कोणी पाहत नाही, कारण फोनच्या उजेडानं काजवे दिसेनासे होतात. आमच्या घरात सगळी माणसं एकत्र, काही न करता, इतका वेळ याआधी कधी बसली होती, ते आठवत नाही.

गेल्या जुलैत मावशी कुटुंबाला घेऊन अ‍ॅथर्टनच्या पठारावर गेली होती. तिकडून व्हिडिओ आला. कापलेल्या मक्याच्या शेतात उंच करडे पक्षी, लाल माना. आजीनं फोन हातात घेतला आणि लगेच म्हणाली, "सारस होय!" खरंच सारस. उत्तर ऑस्ट्रेलियात सारस आहेत, याची तिथल्या लोकांनाच १९६० च्या दशकात पहिल्यांदा नोंद झाली. मावशी हसत म्हणाली, "बालाघाटला होते तेव्हा कधी धुऱ्यावर जाऊन पाहिले नाहीत गं, इथं येऊन दीड तास गाडी चालवून पाहतेय."

तेच मला सांगायचं आहे. मावशीला दीड तास लागला, आपल्याला उंबरठा ओलांडायला दीड मिनिट लागतं. आपल्यापैकी कोणी वसईचं आहे, कोणी मेळघाटचं, कोणी बेळगावचं, कोणी माझ्यासारखं नदीच्या चुकीच्या काठाचं. या सुट्टीत प्रत्येकानं घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ एक दुपार बसावं, आणि त्यांच्या तोंडची वीस नावं लिहून आणावीत, पाखरांची, किड्यांची, त्यांच्याच बोलीत, शुद्ध न करता. आपल्या पुढच्या अंकात ती यादी छापता येईल. मी माझी सत्तर देते.

कान्हाला तर जायचंच आहे. भावाची वाघाची हौस अजून गेलेली नाही, आणि बाबांनी यंदा स्वतःहून विचारलं, "तिकडं कोळी कोणते असतील गं, बाई?"